नुसतंच चालायला

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, सांभाळून घ्या. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण आमच्या दौंडच्या रेल्वेच्या लोको शेडमध्ये कितीही उपसली तरी इंजिनांची राख साठतेच, तसे डेव्हिडमामांबरोबर चालण्याचे किस्से साठलेत. त्यातले एकाच दिवसाचे सांगतो.

डेव्हिडमामा आमचे फिटर. त्यांचा गोरा फोरमन सुट्टीला रानातून, गावागावांतून पायी हिंडायचा. साहेब विलायतेला गेला आणि ती खोड मामांना लागली. शेडमधले आम्ही चार-पाच जण त्यांच्या मागे. मी सगळ्यांत मागे. मला चारचौघांत बोलता येत नाही. दोन ठिकाणी मुलगी बघायला गेलो, दोन्हीकडून एकच निरोप आला, "मुलगा मुका आहे काय?" तेव्हापासून आई धास्तावलेली.

*

त्या दिवशी सगळ्यांनी धुतलेले पांढरे कपडे घातले होते. पहिल्याच गावात पारावरचे आप्पा उठून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

मामांनी सांगितलं, कुणी नाही, नुसतंच चालायला निघालोय. आप्पांना ते पटलं नाही. आम्ही वेशीबाहेर पडेपर्यंत ते हात जोडून उभे होते.

आमचा फायरमन सखाराम म्हणाला, "मामा, पुढच्या गावात एकानं तरी हसत चला."

*

नदीकाठच्या बाभळबनात सावलीला बसलो. एक मेंढपाळ आला, वाट चुकलाय का म्हणाला. मामा म्हणाले, हवा खायला आलोय. त्यानं आमच्याकडं नीट पाहिलं आणि फडक्यातली भाकरी सोडून पुढं केली.

"हवा रोजचीच हाय. आधी ही खावा."

सखारामनं लाजत अर्धी घेतली. लाज गेल्यावर उरलेली.

*

दुपारी नानवीज गावात एका घरी पाणी मागितलं, तर ओसरीवर घोंगडी अंथरली गेली. घरातले आबा म्हणाले, पोरगी बघायला येणाऱ्या दौंडच्या पाहुण्यांचे महिनाभर नुसते निरोपच येतायत, आज एकदाचे पाय लागले. पोह्यांची पहिली बशी माझ्या हातात आली. बशी देणारी आबांची तारा हीच ती मुलगी, हे तेव्हा कळलं.

सखारामनं मला पाय मारला. म्हणजे गप्प बस, आधी खाऊन घेऊ. मामाही खाली बघत राहिले. गप्प बसणं तर मला जमतंच. पण आबा शेजारच्यांना हाका मारून बोलावत होते.

मी बशी खाली ठेवली. "आबा, आम्ही ते पाहुणे न्हाई. नुसतंच चालायला आलोय."

 आबा उंबऱ्यावर बसले.

दाराआडून तारा म्हणाली, "आबा, बघायला येतो म्हणणारं कुणी आलं न्हाई. चालायला आलेले तरी आले. खाऊ द्या त्यांस्नी, पोहे गार व्हत्यात."

परतताना सखाराम माझ्याही मागे चालत होता.

दुसऱ्या दिवशी मला रात्रपाळी होती, दिवस मोकळा होता. सकाळी मी वहाणा पुसल्या आणि चुलीपाशी बसलेल्या आईला म्हटलं, "आई, माझ्यासंगं नानवीजपर्यंत चालत येतेस का?"