मागे लागायचं नाही

निघताना काका कधीच ‘येतो’ म्हणत नसत. खुर्ची सरकवायचे, चष्मा खिशात घालायचे आणि सरळ चालू लागायचे. पहिल्यांदा मला वाटलं, गृहस्थ रागावले. पण दुःखाच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल, आणि काकांचं आयुष्य अशाच घरांतून उठण्यात गेलं होतं. पेठेत त्यांचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान होतं आणि एक शववाहिका. सवय इतकी मुरलेली की भाचीच्या साखरपुड्यातूनही ते तसेच उठून गेले. व्याही मंडळी अजून त्यांच्यावर नाराज आहेत.

मी जाहिरातवाला. हडपसरला एका रसवंतीगृहाच्या वर माझं ऑफिस आहे. लोकांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती मी चालवतो. म्हणजे पूर्वी चालवायचो. हल्ली एआय एजंट चालवतो आणि मी मालकासारखा चेहरा करून बसतो. जाहिरात तोच लिहितो, कोणाला दाखवायची तेही तोच ठरवतो. काकांच्या जाहिरातीचं काम त्याच्याकडे सोपवताना मी एकच सूचना दिली: फोन वाढले पाहिजेत. सगळे अधिकार त्याला देऊन टाकले आणि मित्राच्या लग्नाला कोल्हापूरला निघून गेलो. माझ्या हुशारीचे नमुने बरेच आहेत, पण हा काचेच्या कपाटात ठेवण्यासारखा.

एजंटने काम चोख केलं. काकांची वेबसाइट पाहून फोन न करता परतलेल्या प्रत्येकाच्या तो मागे लागला. माणूस बातम्या उघडो की भाजीची कृती, बाजूला जाहिरात हजर: ‘अजून विचार करताय? आम्ही तयार आहोत.’

एका बाईंचा काकांना फोन आला. त्यांची आई आयसीयूत होती. डॉक्टरांनी मन घट्ट करा म्हटलं, त्या दिवशी घाबरून त्यांनी एकदाच ती वेबसाइट उघडली होती. “आई अजून आहे हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रोज का विचारता?”

काका तडक हडपसरला आले. आवाज चढवला नाही.

“तुमच्या त्या एजंटला आई आहे का?”

“नाही, काका. ते सॉफ्टवेअर आहे.”

“आणि तुम्हाला?”

“आहे.”

“बरं झालं. मला वाटलं, दोघेही बिनआईचे.”

जाहिरात त्यांनी माझ्याकडून समोर बंद करून घेतली. मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं. पण ते रस मागवून बसले आणि एजंटला काय काय करता येतं ते विचारत राहिले. मग म्हणाले, “हुशार आहे. नवीन माणूस हुशार असला की मी त्याला गाडी धुवायला देतो, किल्ली देत नाही.”

तेव्हापासून एजंटने बघायचं आणि सुचवायचं. काकांनी हो म्हटल्याशिवाय एक शब्द बाहेर जायचा नाही. एकदा येऊन गेलेल्याच्या मागे लागायचं नाही. जाहिरात थांबवायची असेल तर मात्र त्याने कोणाला विचारत बसू नये.

त्यांना खरी चिंता होती ती त्या बाईंच्या आईची. “चौकशी करा ना फोन करून,” मी म्हटलं.

“मी? माझा नंबर दिसला तरी त्या घाबरतील. तुम्ही करा.”

मी केला. आई घरी आली होती, मऊ भात खात होती. दुसऱ्या दिवशी काका पेढे घेऊन आले. “गिऱ्हाईक हातचं गेलं,” म्हणाले. “घ्या.”

पुढे दर आठवड्याला ते माझ्यासमोर बसून एजंटच्या सूचना मोठ्याने वाचायचे. घरात कोणी गेलंय असं समजून ऐका, हे त्यांचं मला फर्मान.

“‘सर्वोत्तम सेवा.’ हे कोण ठरवणार? ज्याला कळेल तो सांगायला येणार आहे का? खोडा.”

खोडता खोडता एजंटच्या सूचना आखूड होत गेल्या. एकदा त्याने एवढंच लिहिलं: ‘गाडी आहे. फोन उचलतो.’ काकांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली.

“बघा, शिकला तो,” मी म्हटलं.

“हो. आता तुमचं बघू.”

काका गेले ते सकाळी, चहा घेता घेता. मी पोचलो तेव्हा शेजारी जमले होते. काकांचा मुलगा बंगळूरहून सुट्टीला आलेला होता. “गाडीसाठी कोणाला सांगतात?” त्याने विचारलं. आजवर सगळ्या पेठेने त्याच्या वडिलांनाच सांगितलं होतं. बावरलेल्या पोराने खिडकीशी जाऊन मोबाइलवर शोधलं आणि जे सगळ्यात वर आलं त्यावर बोट दाबलं.

फळीवर काकांचा फोन वाजू लागला.

मी शेजारीच होतो. सवयीने उचलला. “बोला.”

“गाडी हवी होती,” मुलगा म्हणाला. एका कानात फोनमधून, दुसऱ्यात खिडकीकडून. त्याची पाठ माझ्याकडे होती. “वडील गेलेत.”

“पाठवतो,” मी म्हणालो आणि जिना उतरलो.

खाली ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. बोनेटवर अजून पाणी होतं.

“केव्हाची धुऊन ठेवलीय,” तो म्हणाला. “पण कोणी निघ म्हणेना.”