हेलिकॉप्टरचा रंग वाळेना तेव्हा…

माझं माहेर औंध. तिथल्या यमाईला हात जोडते, पण भूतखेत, करणी असलं कुणी सांगायला लागलं की सरळ भाकरी थापायला उठते! तरी आज लिहितेय… कारण माझं स्वतःचं बोट त्या ओल्या रंगात बरबटलं होतं.

सासरचं गाव पलूस तालुक्यात. घरटी एक जण फौजेत, म्हणून एसटी स्टँडसमोर चौथऱ्यावर लष्कराचं जुनं हेलिकॉप्टर उभं आहे. उन्हानं त्याच्या रंगाचे पार पोपडे निघालेले. सव्वीस जानेवारीला झेंड्याला फौजेतले मोठे साहेब येणार, म्हणून गावानं रंगकाम आमच्या ह्यांच्यावर सोपवलं. हे रिटायर सुभेदार. सगळी नोकरी असल्याच हेलिकॉप्टरांच्या दुरुस्तीत गेली. "एक डाग दिसला तर माझी मान खाली," म्हणत जेवायचेसुद्धा उभ्याउभ्या!

रंगवायला शिवा पेंटर – एरवी उसाच्या ट्रॉल्या रंगवणारा. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडला, प्रायमर मारला, वर फौजी हिरवा. सगळं खडखडीत वाळलं… फक्त दारावर भाकरीएवढा गोल ओला. पुसून पुन्हा मारला – ओला. नवा डबा फोडला – तरी ओलाच!

"काकी, बिननारळाचं काम सुरू केल्यावर आसंच हुतंय," शिवा म्हणाला.

नारळाला ह्यांनीच नाही म्हटलेलं. "लष्कराचा माल हाय त्यो, ट्रॉली न्हवं!" पण साहेब तर उद्यावर आलेले. मी गुपचूप पदराआड नारळ नेला, फोडला. खोबरं शिवानं खाल्लं. रंग ओलाच – बोट लावून बघितलं, तर पार बरबटलं.

दुपारी चहा घेऊन गेले, तर शिवा जेवायला गेलेला. आणि हे एकटेच… सदरा-लेंगा, डोक्यावर जुनी फौजी टोपी, हेलिकॉप्टरसमोर ताठ सावधान! कडक सॅल्यूट ठोकला, आपला फौजेतला नंबर, नाव सांगितलं, मग हिंदीत काहीतरी पुटपुटले. पुढं होऊन दारावर बोट टेकवलं – कोरडं. मी पळत जाऊन माझं टेकवलं – तेही कोरडं!

"आवं, केलंत काय?"

"सीनियर हाय त्यो. माझ्या भरतीच्या आदीपासनं नोकरीत. न इच्यारता आंगावरची वर्दी उतरवली आमी, राग येनारच की!"

"म्हंजी माफी मागितली व्हय?"

"चहा वत."

उभ्या संसारात मला कधी 'चुकलं' म्हणाले नाहीत हो हे!

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि बोलता बोलता नेमका त्याच जागेवर तळहात टेकवून उभे राहिले. ह्यांनी खिशातलं फडकं हळूच बाहेर काढलेलं मला बायकांच्या रांगेतून दिसलं. साहेबांनी हात काढला… स्वच्छ! "बढिया काम, सुभेदार साब."

शाळेतले सायन्सचे सर म्हणाले, पत्र्याला जुनं ग्रीस असणार. मी म्हटलं, "मग सॅल्यूट बघून कुठं गेलं ते ग्रीस?" सर घड्याळ बघायला लागले.

हे तेव्हा काय पुटपुटले, ते मी ह्यांना अजून विचारते. कधी भाजीत मीठ कमी घालून, कधी गोडीनं. एकच उत्तर – "सर्व्हिस म्याटर हाय."