समुद्र शिकवणारे आतोबा

आमच्या आतोबांइतकी समुद्राची खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात सापडला नसता. आणि वयाच्या सत्तरीपर्यंत त्यांनी समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, तोही हिंदीतून, त्यामुळे भरती-ओहोटीला ते घरातसुद्धा ज्वार-भाटाच म्हणत. ज्या गावात लोक उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन फिरतात, त्या गावातल्या पोरांना ते फळ्यावर लाटा काढून दाखवत, आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी परत कोणत्या वाटेनं जातं हे नीट सांगता आल्याशिवाय कुणाला जागेवर बसू देत नसत.

स्वभाव मुळातच सावध. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरातून निघताना ते गॅस बंद केल्याची खात्री करत, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन ती पुन्हा करायला परत येत. रिक्षात बसण्याआधी चालकाला रात्री झोप झाली का, असं विचारत. एका चालकाला या चौकशीनं इतकं भरून आलं, की दाल बाजार येईपर्यंत तो मागे वळून घरची सगळी रामकहाणी सांगत राहिला, आणि आतोबा जीव मुठीत धरून "सामने देखो भैया" म्हणत राहिले.

त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा मी आणि माझ्या बायकोनं दोघांना अंदमानला न्यायचं ठरवलं. आत्या हरखली. आतोबांनी मात्र महिनाभर आधीपासून आमचे वर्ग घेतले. गच्चीवर खडूनं एक रेघ ओढली, तो किनारा. पाण्याची टाकी, ती खोल समुद्र. मग आम्हा दोघांना टाकीकडे तोंड करून उभं करत. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झटायचं नाही, त्यात दम संपतो आणि माणूस बुडतो. घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं, आणि ओढ सुटली की मग परत फिरायचं, असा तो धडा होता. भर उन्हात आम्हाला रेघेला समांतर खेकड्यासारखं सरकताना पाहून शेजारच्या बाईंनी आत्याला विचारलं, भाभीजी, कोई पूजा है क्या? आत्यानं गंभीरपणे हो म्हणून सांगितलं.

बेटावर पोचलो आणि आतोबांनी समुद्र पाहिला. आम्ही तिघंही समुद्र सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. ते हळूच म्हणाले, "याला इतका आवाज असतो, हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही."

पुढच्याच मिनिटाला ते जीवरक्षकाला गाठून कोणत्या झेंड्याचा काय अर्थ, हे विचारत होते. नारळाच्या झाडाखाली त्यांनी आम्हाला बसू दिलं नाही, नारळ काही पाहून पडत नाही म्हणून. पोवळ्यांनी पाय कापतील म्हणून पाण्यातही बूट घालायला लावले. मी ग्वाल्हेरातल्याच शिंदे की छावनीत वाढलेला, पण तरणतलावात पोहण्याची बक्षिसं मिळवलेला. मला हे सगळं जरा अतीच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा भरतीची वेळ विचारायला जीवरक्षकाच्या मचाणाकडे गेले होते. सगळीकडे लाटा फुटत होत्या, फक्त एका पट्ट्यात पाणी गडद आणि शांत दिसलं. तीच जागा बरी म्हणून मी तिथे उतरलो. कमरेइतक्या पाण्यात होतो, आणि पाहता पाहता पाय टेकेनात. वळून हात मारायला लागलो, तर किनाऱ्यावरची आत्या लहान होत चालली. मी आणखी जोरात हात मारले. नाकातोंडात पाणी गेलं, खांदे भरून आले, आणि पहिल्यांदाच वाटलं की आपण आता परत जात नाही.

तेव्हा तो आवाज आला. भरलेल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, खणखणीत.

"झटू नको! आडवा जा, आडवा!"

मी हात थांबवले आणि पाठीवर पडलो. पाणी मला आणखी आत नेत होतं, तरी मी त्यांचं ऐकलं. थोडा दम आल्यावर आडवा सरकू लागलो. केव्हातरी ओढ सुटली, आणि तेवढ्यात जीवरक्षक त्याच्या तरंगत्या फळीवरून माझ्यापाशी पोचला. बायकोनं नंतर सांगितलं की ती पाण्यात धावणार होती. आतोबांनी तिचं मनगट एका हातानं घट्ट धरून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या हातानं ते मला दिशा दाखवत होते.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते मात्र टॉवेलनं माझं डोकं पुसत राहिले, लहान मुलाचं पुसावं तसं, कोरडं झाल्यावरही. आत्यानं शेवटी टॉवेल काढून घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघंच वाळूत बसलो होतो. ते म्हणाले, "पस्तीस वर्षं हेच शिकवलं रे. पण सगळं पुस्तकातलं. तू पाठीवर पडलास आणि आणखी आत जायला लागलास, तेव्हा वाटलं, पुस्तकात चूक असली तर? मीच तर सांगितलं होतं तुला, हात थांबव म्हणून."

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत, म्हणूनच थांबवले."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत तो तिथेच होता.

याला आता चार वर्षं झाली. आतोबा थकलेत. मध्यंतरीच्या आजारपणात त्यांचा आवाज पार बारीक झालाय, आत्यालासुद्धा जवळ जाऊन ऐकावं लागतं. मी त्यांच्याकडून निघालो की ते अजून फाटकापर्यंत येतात आणि काहीतरी सांगतात: हेल्मेट, खड्डा, पुढच्या वळणावरची गाय. स्कूटरच्या आवाजात त्यातलं काही ऐकू येत नाही. मग मी स्कूटर बंद करतो, खाली उतरतो, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत उभा राहतो.