पाण्याला नाही म्हणू नये

तिचं नाव मी विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात धाराशिवच्या एका कचेरीत ती एकदाच दिसली. मी गावचा मास्तर; आमची समिती टँकर मागायला गेली होती. आटलेल्या विहिरीत पाण्यासाठी उतरताना माझी बायको पडून वारली, त्याला महिनाही झाला नव्हता. साहेबांनी आम्हांला खुर्च्या दिल्या, चहा पाजला, 'बघू' म्हणाले.

तेवढ्यात ती शेजारच्या बेंबळी गावच्या बायका घेऊन आत शिरली. पदर कमरेला खोचलेला. तांब्यातलं गढूळ पाणी पेल्यात ओतून तिनं साहेबांपुढं धरलं.

"घ्या साहेब, आमच्या घरचं हाय. पाण्याला न्हाय म्हणू न्हाय."

साहेबांना ते पिववेना, नाकारवेना. तिनं हात खाली घेतलाच नाही. शेवटी त्यांनी बेंबळीला टँकर मंजूर केला.

बाहेर मी तिला म्हणालो, "आधी तर आम्ही आलो होतो."

ती हसली. "गुरुजी, तुमी त्याचा चहा पिलाव. मंग भांडताव कसं?"

संध्याकाळी टँकर आमच्या फाट्यावरून बेंबळीकडं गेला. तिच्या धिटाईचा मला हेवा वाटलाच. त्याहून जास्त हेवा वाटला बेंबळीतल्या नवऱ्यांचा, ज्यांच्या बायका आता विहिरीत उतरणार नव्हत्या.