माझ्या मेलवर कुणाची स्थळं?

मंडळी, सकाळपासून डोकं भणभणलंय. पैठणच्या एका वधू-वर केंद्राचा मेल आला. "कु. वैशाली, आपल्यासाठी तीन अनुरूप स्थळं." माझं वय बावन्न, पोरगी कॉलेजात!

फसवाफसवीच असणार म्हणून मी फोटो उघडलेच नाय. नवरा मात्र चष्मा पुसून डोकावला. "कु. सोडलं तर नाव तुझंच हाय की."

मेलखाली वधूचा नंबर होता. चोर पकडायच्या तयारीनंच फोन लावला. एका पोरीनं उचलला. नाव, आडनाव, सगळं माझंच. म्हटलं, "बाई, तुझे मेल माझ्याकडं येतायत. पत्ता चुकलाय."

ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, चुकला नाय. पप्पा फॉर्म भरत होते, तवा मीच ईमेलातला शेवटचा आकडा गाळून सांगितला. नर्सिंगचं एकच वर्ष राहिलंय. तेवढं होऊ द्या ना."

खरं बोलली का मलाच गुंडाळलं, देव जाणे.

अन् आत्ता केंद्राचा दुसरा मेल आलाय. "वडील चौकशी करतायत. हा ईमेल वैशालीचाच ना?"

नाव तर माझंच हाय. 'व्हय' लिहू का?