ताईचं मौन

माझी थोरली बहीण गप्प बसलेली आमच्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती. मीरा रोडला आम्ही दोघी एकाच बिल्डिंगमध्ये, ती दुसऱ्या मजल्यावर आणि मी चौथ्या. लिफ्ट वर यायच्या आधी तिचा आवाज माझ्या दारात पोचायचा. नया नगरच्या भाजीवाल्याला ती त्याच्या मुलीच्या निकालाबद्दल हिंदीतून विचारायची, रिक्षावाल्याला पाठदुखीवर उपाय सांगायची आणि उतरल्यावर मला म्हणायची, "बघ, किती चांगला माणूस!" मी तिरसट. तिकीट खिडकीमागे बसून समोरच्याला कमीत कमी शब्दांत वाटेला लावणं हीच माझी पस्तीस वर्षांची नोकरी. भावोजी गेल्यापासून ताईचं बोलणं आणखी वाढलं होतं आणि ऐकायला हक्काची मीच होते.

मला साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून लेकीने आम्हा दोघींना उत्तनच्या पुढे, समुद्राकाठच्या एका व्हिलामध्ये दोन दिवसांसाठी पाठवलं. आयुर्वेदिक उपचार, सात्त्विक जेवण आणि संपूर्ण शांतता, असं सगळं. बाहेर उंच भिंत, आत नारळीची झाडं, त्यात एकमेकींपासून लांब लांब पांढऱ्या खोल्या, प्रत्येकीला समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा. फाटक बंद झालं आणि रस्त्याचा आवाजच गेला. स्वागताला आलेल्या मुलीने आमचे फोन एका चंदनी पेटीत ठेवून घेतले. मला खरं तर तिथेच भीती वाटायला लागली. आयुष्यभर भिंतीपलीकडे माणूस असायची सवय. इथे हाक मारली तर कोण येणार? मी ताईला तसं म्हटलंही.

"काय होतंय आपल्याला?" ताई म्हणाली. मग नाक वर करून तिने वास घेतला. "बोंबील वाळत घातलेत कुठेतरी. यांनी धूप जाळलाय, पण लपतोय का वास!"

दुपारी नाडी बघायला बोलावलं. वैद्य म्हणजे तिशीतली एक शांत मुलगी. भूक कशी आहे, झोप लागते का, पोट साफ होतं का, असं तिने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताईने सुरुवात केली. "हिचं पोट लहानपणापासून साफ नाही हो. मुगाचं काही खाल्लं की फुगतं. दहावीच्या परीक्षेत तर हिला पेपर सोडून..." तिथे आणखी दोन पाहुणे बसले होते. एकाने हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथे दिवस मावळायच्या आत जेवायला वाढतात. मी सगळा राग ताटावर बसल्या बसल्या काढला. "साठ वर्षं ऐकतेय तुझं," मी म्हटलं, "एक दिवस, फक्त एक दिवस तोंड बंद ठेवून दाखव." तिने हातातला घास परत ताटात ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

त्या जागेत एक पद्धत होती. ज्याला मौन पाळायचं असेल त्याने सकाळी तुळशीच्या मण्यांची माळ घ्यायची. तिला एक लाकडी पट्टी असते, तिच्यावर 'मौन' लिहिलेलं. ती गळ्यात दिसली की कर्मचाऱ्यांनी त्या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही, नुसते हात जोडून पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी बाहेर आले, तर ताई ती माळ घालून नारळांमधून तरातरा चाललेली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मी काय समजायचं ते समजले. हे कसलं मौन, हा तर अबोला! आमच्या आईने आणि काकूने एका स्वयंपाकघरात महिनाभर अबोला धरून दोघींचे डबे भरले होते, तेव्हा ही विद्या आमच्या रक्तातच. पडद्याच्या कापडावरून आम्हा बहिणींचा अबोलाही अकरा दिवस टिकला होता. म्हटलं, राहा. मलाही तेवढीच शांतता.

साडेनऊला मी तेल लावून घ्यायला गेले. नंतर शिरोधारा. डोळ्यांवर पट्टी, कपाळावर कोमट तेलाची धार, आणि मी मनात ताईशी भांडत पडलेली. अकराला आमच्या व्हरांड्यावर परतले तेव्हा ती वेताच्या खुर्चीत समुद्राकडे तोंड करून बसली होती. मांडीवर काढ्याचा पेला.

"चहा मिळतो का इथे, विचारू?" मी म्हटलं. ती काही बोलली नाही.

मी तिच्याकडे पाठ करून बसले. भरती लागली होती आणि खालचे काळे खडक एकेक करून पाण्याखाली जात होते. मागून ठक ठक आवाज आला. ती डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवत होती. मी वळून म्हटलं, "खाणाखुणा मला कळत नाहीत. बोलायचं तर तोंडाने बोल." तिने तो हात वर केला, हवेत काहीतरी केलं आणि पुन्हा ठक ठक. मी म्हटलं, "किती नाटकं करशील, ताई?" आणि पुन्हा पाठ फिरवली. तेवढ्यात एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने ताईच्या गळ्यातली पट्टी पाहिली, हात जोडले आणि पाऊल न वाजवता निघून गेली.

असा किती वेळ गेला? पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. त्या मिनिटांचं काय करायचं हे मला आजही कळत नाही.

पाण्यासाठी उठले तेव्हा दिसलं की पेला कलंडलाय. तपकिरी काढा तिच्या, तिथे दिलेल्या पांढऱ्या झग्यावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत पसरला होता आणि ती तो पुसत नव्हती. लग्नाच्या पंगतीत आमटीचा एक थेंब पदरावर पडला तर उठून नळावर जाणारी माझी बहीण! मी तिच्यासमोर आले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. उजवा हात पेल्याशेजारी कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला. आणि तिचे डोळे. ते डोळे माझ्यावर चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. तिला मी तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, भावोजींच्या वेळीसुद्धा नाही. मी तिच्या गळ्यातली माळ ओढून तोडली आणि ओरडत सुटले.

वैद्य मुलगी धावत आली. तिने ताईला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले. एकच हात वर गेला. "पक्षाघात आहे," ती म्हणाली, "इथे काहीही करायचं नाही. पाणीसुद्धा देऊ नका. गाडी काढा." आणि फोनची पेटी उचलून ती आमच्याबरोबर गाडीत बसली.

उत्तनहून भाईंदरला जाणारा तो रस्ता मी शंभरदा गेले असेन, पण त्या दिवशी तो संपेना. तारोडीच्या वळणावर समोरून मासळीचा टेम्पो आला आणि दोन्ही गाड्या अडकल्या. वैद्य पुढे बसून हॉस्पिटलशी बोलत होती. मागे ताईचं डोकं माझ्या खांद्यावर. तिचा उजवा हात मी दाबत होते आणि तो मला उलट दाबत नव्हता. "बोल ना, ताई," मी म्हणत होते. "काहीही बोल. माझ्या पोटाचं सांग सगळ्यांना. पेपर सोडून गेले तेही सांग." राई गाव गेलं, मुर्धा गेलं. तिच्या घशातून नुसता एक घोगरा आवाज आला, त्यात एकही शब्द नव्हता.

हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टर उभे होते. तिला आत स्कॅनला नेलं आणि थोड्या वेळाने ते माझ्याकडे आले. "मेंदूत गाठ अडकलीय रक्ताची. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण काही तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला असेल तर उलट रक्तस्राव होतो. मला नक्की वेळ सांगा. त्यांना शेवटचं नीट बोलताना तुम्ही कधी ऐकलंत?"

मी घड्याळ बघितलं. साडेबारा वाजत होते.

"काल संध्याकाळी," मी म्हटलं. "सहाच्या सुमाराला. त्या 'बरं' म्हणाल्या."

"त्यानंतर?"

"आज साडेसहाला चालताना बघितलं. चालत होत्या नीट. बोलल्या नाहीत. आमचं... त्यांचं मौन होतं."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. साडेसहा म्हणजे सहा तास झाले, त्यावर मी इंजेक्शन देऊ शकत नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मधल्या वेळात त्यांच्याशी कुणीतरी बोललं असेल, आठवून बघा, ते म्हणाले. मी वैद्य मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मौनातल्या माणसाशी तिथे कुणीच बोलत नाही. मीच तिला गप्प केलं होतं, आणि आता त्याच गप्पपणापायी ती कायमची जाणार होती.

वैद्य मुलीने व्हिलामध्ये फोन लावला. एकेकाला विचारलं. माळ्याने हात जोडले होते. झाडूवालीने हात जोडले होते. शेवटी स्वयंपाकघरातल्या तारोडीच्या बाईला फोनवर घेतलं. स्पीकरवर तिचा आवाज आला, "न्हाय, न्हाय बोलली. माळ व्हती ना गल्यात. आमी न्हाय बोलत त्यांच्याशी."

तिने इतक्या घाईने सांगितलं की मला एकदम आशा वाटली. मी फोन हिसकावून घेतला. "बाई, मी त्यांची धाकटी बहीण. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, माझी शपथ. माझी बहीण मौन पाळूच शकत नाही हो. अर्धा दिवस तर मुळीच नाही. ती तुमच्याशी बोलली असणार. पाया पडते, सांगा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बोलली गो बाय. काढा न्यायला आली व्हती मागल्या दारानी."

"किती वाजता?" डॉक्टर फोनजवळ झुकले.

"साडेधाला. काढे साडेधालाच देतो आमी. घड्याल हाय ना समोर."

"नीट बोलत होत्या का? शब्द अडखळत होते? काय काय बोलल्या, सगळं सांगा."

"अडखळतंय कसलं! मला मधी बोलायला जागा न्हवती." तिचा आवाज रडवेला झाला. "बहिनीचंच बोलत व्हती. आज दुपारी मुगाचं कढण हाय, ते धाकटीला देऊ नको, बोलली. तिचं पोट फुगतं, ती कोनाला सांगायची न्हाय. तिला तांदलाची पेज कर, आनि लिंबाचं लोणचं दे. आनि मी सांगितलं म्हनून सांगू नको हां, ती माज्यावर रागावलीय. कप हातात धरून पायर्‍या उतरून गेली, चांगली."

डॉक्टरांनी कागदावर साडेदहा लिहिलं आणि माझ्यासमोर सहीचा फॉर्म ठेवला. धोके वाचून दाखवले. मला एकही शब्द कळला नाही. सही इतकी वाकडी आली की नर्सने ती माझीच ना असं पुन्हा विचारलं.

इंजेक्शन दिलं. त्यानंतरचे तीन दिवस मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढले. लेक डबा आणायची आणि तसाच परत न्यायची. आतून नर्स बाहेर आली की मी उठून उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलली. शब्द मात्र येत नव्हते. ती तोंड उघडायची, शोधायची आणि मिटून घ्यायची. मला वाटायचं, मी मागितला होता तो एक दिवस आता हिच्या उरलेल्या आयुष्याएवढा होणार.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी तिच्या पायाशी उभी होते. तिला तपासून झाल्यावर जाता जाता त्यांनी मला विचारलं, "तुमचा चेहरा उतरलेला दिसतोय. तुमची तब्येत ठीक आहे ना?"

मी ठीक म्हणायला तोंड उघडलं, तर पलंगावरून आवाज आला. जाड, वाकडा, पण तिचाच.

"हिचं... पो... पोट..."

पुढचा शब्द तिला सापडेना. डॉक्टर मदतीला काहीतरी सुचवणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला आणि तिचं सांगून होईपर्यंत त्यांना जागचं हलू दिलं नाही.