धर तिला

"अरे, धर तिला!" असं मी ओरडले आणि मुलाने तिला धरलं.

सून बाल्कनीच्या दारात कूलरपाशी उभी होती. एका हातात पाण्याचा पाइप, दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर. तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. मला वाटलं, तिला चक्कर आली. दोन दिवसांपूर्वी भाजी घेऊन येताना उन्हाने ती जिन्यात बसली होती, तेच माझ्या डोक्यात होतं. मुलगा माझ्याशेजारी पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. मी ओरडताच तो उठला, तीन पावलांत तिच्यापाशी पोचला आणि कमरेला धरून तिला मागे खेचलं. ती सुटली आणि आत फरशीवर पडली. तिला खेचताना त्याचा पाय पाण्यात घसरला. सावरायला त्याने हात टेकला तो त्याच पत्र्यावर. तो पडला नाही. तिथेच उभा राहून थरथरत राहिला. मग मला कळलं की ही चक्कर नव्हती.

मी भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले. त्यावर सहा बटणं होती. त्या घरात आठ वर्षं राहून कूलरचं बटण कुठलं ते मला माहीत नव्हतं. कूलर तोच लावायचा, तोच बंद करायचा. मी सगळी बटणं दाबली. पंखा बंद झाला, ट्यूब लागली. कूलरची पिन पडद्यामागे होती, ते मला नंतर समजलं. शेजारची बिहारी बाई आरडाओरडा ऐकून दारात आली आणि म्हणाली, "आंटीजी, मेन गिराइए, मेन!" मेन म्हणजे काय, मला कळेना. तीच जिन्यात धावली आणि मीटरजवळचा खटका तिने खाली पाडला. तेव्हा तो पडला.

हॉस्पिटलात डॉक्टरने वय विचारलं. मी अडतीस सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि चादर वर ओढली. सून दुसऱ्या खोलीत होती. तिच्या उजव्या तळव्याला भोक पडल्यासारखा काळा डाग होता. तिला तीन दिवस ठेवून घेतलं.

माझा मुलगा करोल बागेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. वीस वर्षं त्याने तेच केलं. त्यामुळे दहाव्याला, तेराव्याला जो येई तो एकच विचारी. साताऱ्याहून आलेले माझे दीर म्हणाले, "वहिनी, ज्याचा जन्म वायरीत गेला त्याने करंट लागलेल्या माणसाला हात लावला? आधी बटण बंद करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल." दुकानातले लोकही तेच म्हणाले. पोलीस आला त्यानेही तेच विचारलं. मी सगळ्यांना सांगितलं, बायको होती, राहवलं नाही त्याला. बायका डोळे पुसत म्हणाल्या, केवढं प्रेम.

प्रेम होतं. पण तो बटणाकडेच गेला असता. मी त्याला ओळखते. घरात काही जळाल्याचा वास आला तरी तो आधी बटण बंद करायचा, मग शोधायचा. त्या दिवशी त्याचं लक्ष टीव्हीत होतं. आईचा आवाज आला आणि त्या आवाजाने सांगितलं ते त्याने केलं.

टीव्हीवर सिनेमा होता. इंग्रजीतला, हिंदीत बोलणारा. पुढच्या काळात यंत्रं माणसांच्या वरचढ होतात आणि माणसाचं कातडं पांघरून मागच्या काळात माणसं मारायला येतात, अशी काहीतरी गोष्ट. हा सिनेमा त्याने लहानपणी सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला होता. तेव्हापासून लागेल तेव्हा बघायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. गोळ्या घातल्या तरी मेलं नाही, एवढं कळायचं.

"आई, बघ ना. मागे जाऊन एक गोष्ट बदलली की पुढचं सगळं बदलतं," तो म्हणाला.

"मग मी जाते आणि तुझ्या बापाला सांगते, दिल्लीची बदली घेऊ नका."

"अगं, मग मला ही कुठं भेटली असती?"

सून आतून म्हणाली, "चलो, मी तरी सुटले असते!"

"बघ, बघ यार, कशी बोलते."

"बरोबर बोलते," मी म्हणाले. "एवढं मोठं यंत्र मागच्या काळात येतं आणि एका बाईला मारायला त्याला तीन तास लागतात. आमच्या गावचा तलाठी बरा."

तो पोट धरून हसला. मी त्याला हसवलं ते शेवटचं. तेवढ्यात लाइट गेली.

गाझियाबादला जूनमध्ये लाइट जाणं नवीन नाही. लाइट गेली की कूलर भरून घ्यायचा, ही सगळ्यांची रीत. कूलरचा पंप बंद असतो, भीती नसते. सून पाइप घेऊन बाल्कनीत गेली. बटण बंद करायला हवं होतं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. लाइटच नाही तर बटण काय बघायचं? टाकी अर्धी भरली असेल, तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरायला लागला, सिनेमा जिथे तुटला त्याच्या पुढून सुरू झाला. मुलगा म्हणाला, "आली!" आणि मीही टीव्हीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं? पाच-सहा श्वासांएवढा असेल. तेवढा वेळ ती तिथे उभी होती.

कूलर आधीपासून झिणझिण्या मारत होता. दिल्लीतला लोखंडी कूलर थोडाफार मारतोच, असं इथे सगळे म्हणतात. बोटाची उलटी बाजू लावून बघतात, हसतात आणि वापरतात. मुलगा म्हणाला होता, रविवारी उघडून बघतो. तोच तो रविवार होता. आधी सिनेमा, मग कूलर, असं ठरलं होतं. नंतर मिस्त्रीने उघडला तर पंपाची वायर पाण्यात सोललेली निघाली.

आणखी एक सांगायचं राहिलं. सून कूलर भरताना रबरी चपला घालायची. तिचे वडील फौजेत होते, ती इथेच दिल्लीत, पालमला वाढली, तिला हे माहीत होतं. मी ते बंद केलं. बाल्कनीत जायचं तर देवघरावरून जावं लागतं आणि आमच्यात चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. ती म्हणाली, "आई, कूलर करंट मारतो." मी म्हणाले, "मग हळू हात लाव." हे मी मस्करीत म्हणाले नव्हते. एप्रिलपासून ती अनवाणी जायला लागली. तोही अनवाणीच धावला.

म्हणजे बदलायला जागा पुष्कळ होत्या. चपला होत्या, बटण होतं, तो रविवार होता. पण माझं मन तेवढं मागे जातच नाही. ते जातं ते त्या ओरडण्यापाशी आणि तिथेच अडकतं. डोळे मिटले की मी पलंगावर बसलेली असते, ती दारात उभी असते आणि माझं तोंड उघडायच्या बेतात असतं. मिस्त्री म्हणाला होता, ती अजून थोडा वेळ चिकटून राहती तर संपलीच असती. मुलगा पडद्यामागच्या पिनेपर्यंत जाईपर्यंत ती राहिली असती की नाही, देव जाणे. सिनेमात मागे जाणाऱ्याला ठाऊक असतं कुणाला वाचवायचं ते. मला दोघांतला एक निवडावा लागतो. मी दर वेळी त्यालाच निवडते. यात मला लाज वाटत नाही. वाटायला हवी, हे मला कळतं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी सून भेंडी चिरत होती. तिची उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून ती आता डाव्या हाताने चिरते, तुकडे लहानमोठे होतात. मी समोर बसले होते. ती मान वर न करता म्हणाली,

"तुम्ही त्याला 'धर' म्हणालात, ते मी ऐकलं होतं."

दोन वर्षं ती हे बोलली नव्हती. मी म्हणाले, "पोलिसाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? त्याने तर मी वाचले." तिने दोन भेंड्या चिरल्या. "पुन्हा तसंच झालं तर ओरडाल?"

खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. पण त्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो, आणि रोज एका ताटाला दुसरं ताट लावून जेवत होतो.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे मी गेले असते."

"हो."

"अच्छा," ती म्हणाली.

तिने उरलेली भेंडी चिरली, कढई ठेवली, फोडणी दिली. भाजीत तिखट जास्त झालं होतं, पण दोघींनीही ती खाल्ली. मग ती कामावर गेली. ती एका शाळेच्या ऑफिसात आहे. मला वाटलं, संध्याकाळी येऊन बॅग भरेल आणि पालमला माहेरी जाईल. मी तशी तयारी केली. एकटीने कसं राहायचं याचा विचार केला. पेन्शन कोण आणून देईल, गॅसचा नंबर कोण लावेल, हे मनात मोजलं. ती नेहमीच्या वेळेला आली, साडी बदलली आणि विचारलं, चहा ठेवू का.

ती का राहिली, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. कूलर भंगारवाल्याला दिला, नवा आणला नाही. दुपारी फरशीवर पाणी मारून आम्ही पंख्याखाली पडून राहतो, ती तिच्या कुशीवर, मी माझ्या. उन्हाळा निघत नाही, पण निघतो.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. सून वाचली आणि मी वाचले.